नाव व्यवस्थापनाचे, काम देखरेखीचे

जिल्हा परिषदेच्या शाळेत पाऊल ठेवले की व्हरांड्याच्या भिंतीवर बहुधा एक तक्ता रंगवलेला दिसतो. वर ‘शाळा व्यवस्थापन समिती’ असे शीर्षक आणि खाली अध्यक्ष, उपाध्यक्ष, सदस्य, सदस्य सचिव यांची नावे. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० रोजी लागू झाला, तेव्हापासून हा तक्ता शाळेच्या ओळखीचा भाग झाला आहे. तो वाचणाऱ्याची समजूत होते, की ही शाळा गावातले पालक चालवतात.

या तक्त्यातल्या माणसांचा शेवटचा शब्द नेमका कोणत्या बाबतीत चालतो, हा प्रश्न मी गेली काही वर्षे वेगवेगळ्या शाळांत विचारत आले आहे. उत्तर देणारे बहुतेक जण जरा थांबतात. मग कुणी ‘पोषण आहार’ म्हणते, कुणी ‘गणवेश’. पोषण आहाराचा तांदूळ वरून येतो आणि कोणत्या दिवशी काय शिजवायचे तेही शासन ठरवते. उरतो गणवेश. तोही मधल्या काळात समितीकडून गेला आणि पुन्हा तिच्याकडे आला. त्या येण्याजाण्याचा विचार पुढे सविस्तर करायचा आहे.

शिक्षणातल्या लोकसहभागाविषयी आपल्याकडे एक तक्रार कायम ऐकू येते : पालक सभेला येत नाहीत, त्यांना आस्था नाही, त्यांचे प्रबोधन करायला हवे. मला हे निदान उलटे वाटते. माणसे सभेला येतात ती काही ठरायचे असते म्हणून. ज्या सभेत ठरवण्यासारखे काहीच नसते तिथे न येणे हा पालकांचा व्यवहारीपणा आहे. निर्णय वाटून घ्यायचा तर तो आधी शाळेच्या हातात असायला हवा. आपल्या सार्वजनिक शाळांच्या हातात असे फारच थोडे आहे आणि समितीची सगळी रचना या उणिवेवर पांघरूण घालते, असे माझे म्हणणे आहे.

कायद्यातली क्रियापदे

सुरुवात कायद्यापासूनच करू. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे कलम २१ समितीची घडण सांगते. किमान तीन-चतुर्थांश सदस्य विद्यार्थ्यांचे आईवडील किंवा पालक असले पाहिजेत, एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत आणि वंचित व दुर्बल घटकांतल्या पालकांना त्यांच्या मुलांच्या संख्येच्या प्रमाणात जागा मिळाल्या पाहिजेत. विनाअनुदानित खासगी शाळा यातून वगळल्या आहेत. म्हणजे ही योजना मुख्यतः सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांसाठी आहे. महाराष्ट्रात अध्यक्ष आणि उपाध्यक्ष पालकांमधून निवडतात, मुख्याध्यापक सदस्य सचिव असतात आणि महिन्याला एक सभा अपेक्षित असते. कुणाला किती जागा द्यायच्या, या बाबतीत हा कायदा उदार आहे. गावपातळीवरच्या इतर किती समित्यांवर सामान्य माणसाला तीन-चतुर्थांश जागा मिळाल्या आहेत?

आता त्याच कलमातली क्रियापदे पाहू. समितीने शाळेच्या कामकाजावर देखरेख ठेवायची. शाळा विकास आराखडा तयार करायचा आणि त्याची शिफारस करायची. मिळालेल्या अनुदानाच्या विनियोगावर देखरेख ठेवायची. शिवाय नियमांनी नेमून दिलेली इतर कामे करायची. दोन देखरेखी, एक शिफारस आणि एक ‘इतर’. ‘ठरवणे’, ‘मंजूर करणे’, ‘नाकारणे’ या अर्थाचे क्रियापद या कलमाच्या कामांच्या यादीत नाही. समितीच्या नावात व्यवस्थापन आहे आणि कामात देखरेख आहे.

देखरेख ठेवणाऱ्याच्या हातातही काही असावे लागते. शिक्षक उशिरा आला, वर्गखोली गळते आहे, दोन शिक्षकांचे काम एकजण करतो आहे, हे समितीला दिसते. दिसल्यावर तिने काय करायचे? ठराव करायचा आणि केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवायचा. त्या ठरावाला किती दिवसांत उत्तर मिळाले पाहिजे हे कलम २१ सांगत नाही. कलम ३२ मध्ये तक्रारीची वाट आहे. स्थानिक प्राधिकरणाने तीन महिन्यांत तक्रारीचा निकाल द्यायचा आहे. पण ती वाट तक्रारदाराची आहे. कायद्याने ज्या समितीला शाळेची व्यवस्थापक म्हटले, तिला आपल्याच शाळेविषयी तक्रारदार म्हणून रांगेत उभे राहावे लागते.

२०१२ च्या दुरुस्तीने अल्पसंख्याक शाळा आणि अनुदानित शाळा यांच्या समित्यांचे काम केवळ सल्ल्यापुरते ठेवले. त्यामागचा संस्थांच्या घटनात्मक हक्कांचा युक्तिवाद समजण्यासारखा आहे. पण या दुरुस्तीमुळे असा भास झाला, की उरलेल्या सरकारी शाळांमधल्या समित्यांना सल्ल्यापलीकडचे काही आहे. क्रियापदे पाहिली तर अंतर फारसे दिसत नाही.

वहीत काय लिहिले जाते

समितीच्या सभांची इतिवृत्ते हे अभ्यासाचे फार चांगले साधन आहे. मी ज्या वह्या चाळल्या त्यांची भाषा जवळजवळ सारखी आहे. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे, आलेल्या परिपत्रकाचे वाचन, विद्यार्थ्यांच्या उपस्थितीवर चर्चा, स्वच्छता, आयत्या वेळचे विषय. शेवटी ‘सर्वानुमते मंजूर’, सूचक, अनुमोदक आणि सह्या. सह्यांमध्ये अंगठेही असतात. बरीच इतिवृत्ते एकाच हस्ताक्षरात, एकाच शाईत लिहिलेली असतात आणि ती शाळा तपासणीच्या आधी पूर्ण झाली असावीत, असा संशय येतो. यावरून मुख्याध्यापकांना दोष देणे सोपे आहे. मला त्यात मुख्याध्यापकांची अडचण जास्त दिसते. दोन शिक्षकी शाळेत वर्ग, पोषण आहाराचा हिशेब, ऑनलाइन माहिती आणि सभेची वही हे सगळे एकाच माणसाकडे असते. सभेत काही ठरायचे नाही हे त्यालाही ठाऊक असते. वही मात्र लागते.

या वह्यांत वेगळी पाने सापडतात ती थोड्या प्रसंगांची. शाळेच्या आवाराला कुंपण घालायचे होते तेव्हा लोकवर्गणीवर वाद झाला. वर्गखोली निर्लेखित करून पाडायची की दुरुस्त करायची, यावर दोन सभा झाल्या. सहलीचे ठिकाण ठरवताना आयांनी मुक्कामाला विरोध केला. अशा पानांवर माणसे बोलताना दिसतात, मतभेद नोंदवलेले दिसतात, सह्यांची संख्याही वाढते. जिथे बांधकामाचा निधी येतो तिथे अध्यक्षपदासाठी चुरस होते, गट पडतात, हेही खरे आहे. यातले सगळेच चांगले नाही. पण आस्था नसल्याची तक्रार या पानांवर टिकत नाही.

‘लोकसहभाग’ या शब्दाचे आपल्याकडे काय झाले, तेही या वह्यांतून कळते. ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम २०१५ मध्ये सुरू झाला. त्या काळात गावोगावच्या लोकांनी शाळांसाठी उत्साहाने वर्गणी काढली, संगणक घेतले, भिंती रंगवल्या. त्या उत्साहाविषयी मला आदर आहे. पण हळूहळू शासकीय अहवालांत लोकसहभाग म्हणजे गावाने जमवलेली रक्कम असा अर्थ रूढ झाला. शाळेला किती लोकसहभाग मिळाला, या प्रश्नाचे उत्तर रुपयांत येऊ लागले. गावाने शाळेसाठी किती निर्णय घेतले, असा रकाना कोणत्याही तक्त्यात मी पाहिलेला नाही.

आराखड्याचा महिना

कलम २२ मध्ये एक वाक्य मात्र वजनदार आहे. समितीचा विकास आराखडा हाच शासनाच्या किंवा स्थानिक प्राधिकरणाच्या योजनांचा आणि अनुदानाचा पाया असेल, असे ते सांगते. ही तरतूद अक्षरशः पाळली गेली असती तर या लेखाची गरज पडली नसती. खालून आराखडे यावेत, ते तालुक्याला व जिल्ह्याला एकत्र व्हावेत आणि त्यांच्यावरून अंदाजपत्रक बनावे, अशी ती कल्पना होती. व्यवहारात अनुदानाचे दर आधीच ठरलेले असतात, कामांचे प्रकार आधीच ठरलेले असतात आणि आराखडा त्या चौकटीत बसवून लिहिला जातो. तीन खोल्या हव्यात असे लिहिणाऱ्या शाळेला त्या का मिळाल्या नाहीत, याचे लेखी उत्तर देणे कुणावर बंधनकारक नाही.

आराखडा केव्हा लिहायचा, हेही पाहण्यासारखे आहे. केंद्राच्या २०१० च्या नमुना नियमांत आर्थिक वर्ष संपण्याच्या किमान तीन महिने आधी तो तयार व्हावा असे म्हटले आहे. म्हणजे डिसेंबरअखेर. आता बीड जिल्ह्यातले ऊसतोड कामगारांचे एखादे गाव डोळ्यांसमोर आणावे. दिवाळीच्या सुमारास बैलगाड्या आणि ट्रॅक्टर कारखान्यांकडे निघतात आणि गाव पुन्हा भरते ते उन्हाळ्यात. शाळेच्या गरजा सर्वांत तीव्र ज्या पालकांच्या मुलांच्या, ते पालक सदस्य असतील तर डिसेंबरात ते पश्चिम महाराष्ट्रातल्या एखाद्या फडात असतात. महिन्याची सभा, आराखडा, सह्या हे सगळे त्यांच्यावाचून होते.

याच गावांत एक वेगळी गोष्टही घडते. आईवडील ऊसतोडीला गेल्यावर मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे चालतात आणि त्यांची जबाबदारी शाळा व्यवस्थापन समितीकडे असते. स्वयंपाक कोण करणार, मुले कुठे झोपणार, आजीकडे राहणाऱ्या मुलीला जेवण द्यायचे का, असे प्रश्न तिथे खरोखर समितीपुढे येतात. या वसतिगृहांविषयी गैरप्रकाराच्या तक्रारीही झाल्या आहेत, निधी उशिरा येण्याच्याही. तरीही ज्या समितीला एरवी वही भरण्यापलीकडे काम नसते, तीच इथे रोजचे निर्णय घेते. माणसे तीच, गाव तेच. फरक कामाच्या स्वरूपाचा.

पैशाचा हिशेब

स्वायत्ततेची खरी परीक्षा पैशात होते. समग्र शिक्षा योजनेतून शाळांना ‘संयुक्त शाळा अनुदान’ मिळते. २०२१ नंतरच्या आराखड्यानुसार ३० पर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला १०,००० रुपये, १०० पर्यंत २५,०००, २५० पर्यंत ५०,०००, १,००० पर्यंत ७५,००० आणि त्यापुढे एक लाख रुपये, असे त्याचे दर आहेत. यातला किमान दहा टक्के भाग स्वच्छतेवर खर्च करायचा. २८ मुलांच्या वाडीवरच्या शाळेचे गणित मांडले तर महिन्याला ८३३ रुपये पडतात. त्यातून विजेचे बिल, खडू, रजिस्टरे, किरकोळ दुरुस्ती, झाडू आणि फिनेल. या रकमेच्या विनियोगावर देखरेख ठेवण्यासाठी कायद्याने एक अख्खी समिती उभी केली आहे.

रक्कम लहान आहे ही एक अडचण. ती वर्षाच्या उत्तरार्धात येते ही दुसरी. जूनमध्ये शाळा उघडताना जे लागते त्यासाठी मार्चच्या तोंडावर पैसे येतात आणि ते ३१ मार्चच्या आत खर्च करायचे असतात. २०२१ पासून केंद्रपुरस्कृत योजनांचा निधी राज्याच्या एका मध्यवर्ती खात्यातून खर्च करण्याची पद्धत आली. गैरव्यवहार आणि पडून राहणारे पैसे यांना आळा घालणे हा तिचा हेतू योग्यच होता. पण शाळेच्या बाजूने पाहिले तर जी रक्कम पूर्वी निदान समितीच्या खात्यात दिसायची, तिच्या जागी खर्चाची एक मर्यादा दिसू लागली. मुदतीत वापरली नाही तर ती मर्यादा मागे घेतली जाते. घाईने केलेल्या खरेदीत विचारविनिमयाला वेळ नसतो. दुकानदार ठरलेला असतो, वस्तूंची यादीही बहुधा ठरलेली असते.

गणवेशाची गोष्ट

आता गणवेशाकडे येऊ. समग्र शिक्षा योजनेत दर मुलामागे वर्षाला दोन गणवेशांसाठी ६०० रुपयांपर्यंत तरतूद होती आणि रंग, कापड, शिवण हे शाळा व्यवस्थापन समितीने ठरवायचे होते. ३०० रुपयांत एक गणवेश ही काही मोठी रक्कम नव्हे. पण समितीकडे असलेल्या थोडक्या खऱ्या निर्णयांपैकी हा एक होता. आयांना कापड कळते. पहिल्या धुण्यात कोणते आटते, मुलीच्या फ्रॉकची शिलाई कुठे उसवते, गावातला कोणता शिंपी मापात चोख आहे, हे ज्ञान सभेत आणण्याची संधी या विषयाने दिली होती.

या व्यवहारात दोष नव्हते असे नाही. तालुक्याच्या ठिकाणचे व्यापारी शाळाशाळांतून नमुने घेऊन फिरत. काही ठिकाणी कोणत्या दुकानातून घ्यायचे याच्या सूचना तोंडी येत. हलके कापड, उशीर, एकाच्या मापाचे दुसऱ्याला अशा तक्रारी होत्या. या दोषांवर उपाय म्हणून २०२३ मध्ये तत्कालीन शालेय शिक्षणमंत्री दीपक केसरकर यांनी ‘एक राज्य, एक गणवेश’ धोरण जाहीर केले. घोषणा शाळा उघडण्याच्या तोंडावर झाली. अनेक समित्यांनी त्याआधीच कापड मागवले होते. म्हणून त्या वर्षी एक गणवेश समितीचा आणि एक शासनाचा अशी तडजोड झाली. २०२४-२५ मध्ये कापडाची खरेदी राज्यपातळीवर झाली, एका गणवेशाची शिलाई महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचत गटांकडे दिली गेली आणि दुसऱ्या, स्काउट-गाइडच्या गणवेशाचे कापड शाळांकडे पाठवून शिलाईसाठी समितीला मुलामागे ११० रुपये देण्याचे ठरले.

पुढे काय झाले ते वर्तमानपत्रांत येत राहिले. जून गेला, स्वातंत्र्यदिन आला, तरी अनेक शाळांत मुले जुन्याच कपड्यांत होती. जिथे गणवेश पोहोचले तिथे मापांच्या तक्रारी आल्या. ११० रुपयांत शिवून द्यायला शिंपी तयार होईनात. डिसेंबर २०२४ मध्ये शासनाने निर्णय मागे घेतला आणि २०२५-२६ पासून गणवेशाचा अधिकार पुन्हा समित्यांकडे दिला.

या प्रकरणाचा अर्थ केंद्रीकरण फसले, एवढाच लावला जातो. मला त्यातली दुसरी बाब महत्त्वाची वाटते. अधिकार काढून घेताना राज्यभरातल्या समित्यांना कुणी विचारले नाही आणि परत देतानाही विचारले नाही. दोन्ही वेळा त्यांना परिपत्रकातून कळले. ज्या समित्यांचा गणवेश चांगला चालला होता त्यांचाही अधिकार गेला आणि ज्यांनी घोळ घातला होता त्यांनाही तो परत मिळाला. स्थानिक चूक एका शाळेची असते. ती पालकांच्या डोळ्यांपुढे घडते, पुढच्या जूनमध्ये दुकानदार बदलून सुधारता येते. राज्यपातळीवरची चूक एकाच वेळी लाखो मुलांच्या अंगावर येते आणि ती सुधारायला मंत्रालयाची सही लागते. अधिकार खाली असावा असे म्हणण्यामागे खालची माणसे अधिक शहाणी असतात, असा दावा करण्याची गरज नाही. चुकांचा आकार लहान राहतो आणि दुरुस्ती जवळ असते, एवढे कारण पुरे आहे.

हाच न्याय इतर विषयांनाही लागू पडतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊनंतर भरवावेत असा आदेश निघाला. मुलांची झोप हा विचार चांगला होता. पण दोन पाळ्यांत भरणारी शहरातली शाळा आणि वैशाखात सकाळची शाळा भरवणारे विदर्भातले गाव यांची वेळ एकाच कागदावर कशी ठरणार? विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उशिरा उघडतात, हे शासन स्वतःच मान्य करते; म्हणजे एकच वेळापत्रक सर्वांना चालत नाही, याचा स्वीकार आधीच झाला आहे. तोच स्वीकार एक पायरी खाली, शाळेपर्यंत न्यायला हवा.

वीसचा आकडा

सर्वांत मोठा निर्णय म्हणजे शाळा राहणार की नाही. २०२३ मध्ये शिक्षण विभागाने कमी पटाच्या शाळांच्या जागी समूह शाळा उभारण्याचे प्रस्ताव मागवले. वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळा राज्यात चौदा हजारांहून अधिक होत्या. नंदुरबारमधील तोरणमाळ आणि पुणे जिल्ह्यातील पानशेत यांची उदाहरणे पुढे ठेवली गेली. समूह शाळेच्या बाजूने बोलण्यासारखे आहे : चार मुलांच्या वर्गाला सोबती नाहीत, खेळाचा संघ होत नाही, एकच शिक्षक चार इयत्ता सांभाळतो. विरुद्ध बाजूलाही आहे : ओढ्यापलीकडे सहा वर्षांची मुलगी रोज गाडीने जाणार, गाडी बंद पडली की तिची शाळा सुटणार. हे दोन्ही मुद्दे एकाच गावात, एकाच पालकाच्या मनातही असू शकतात. म्हणूनच हा प्रश्न समितीपुढे मांडून ठरवण्याचा आहे. पण प्रस्ताव प्रशासनाने करायचा, आकडा पटाचा पाहायचा आणि समितीचा ठराव आलाच तर तो विरोधाचा कागद म्हणून जोडायचा, अशी ही रीत आहे.

वीसचा आकडा २०२५ च्या भाषावादातही दिसला. १७ जूनच्या शासन निर्णयात तिसरी भाषा म्हणून हिंदीऐवजी दुसरी भाषा निवडण्याची मुभा होती, पण त्यासाठी इयत्तेत किमान वीस विद्यार्थी तयार असणे आवश्यक होते. २९ जूनला तो निर्णय मागे घेतला गेला. हिंदीच्या सक्तीवर त्या काळात भरपूर लिहिले गेले, ते इथे पुन्हा सांगत नाही. ज्या शाळेचा एकूण पटच वीस नाही तिच्यासाठी या मुभेचा अर्थ काय होता, हा प्रश्न मात्र कमी विचारला गेला. कागदावर निवड होती आणि हजारो शाळांना ती करताच आली नसती.

जौनपूर आणि शिकागो

पालकांना अधिकार दिले तरी ते वापरणार नाहीत, असे म्हणणारे एका अभ्यासाचा आधार घेतात. उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात २८० गावांत अभिजित बॅनर्जी, रुक्मिणी बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. तिथल्या ग्रामशिक्षण समित्यांविषयी बहुसंख्य पालकांना माहितीच नव्हती आणि समितीच्या सदस्यांपैकी सुमारे एक-चतुर्थांश जणांना आपण सदस्य आहोत हेही ठाऊक नव्हते. प्रयोगात काही गावांत सभा घेऊन समितीचे अधिकार समजावून सांगितले, काही गावांत त्याखेरीज मुलांच्या वाचनाची चाचणी गावकऱ्यांकडून करवली. दोन्ही ठिकाणी शाळेत काही बदलले नाही. तिसऱ्या गटात यासोबत गावातल्या तरुणांना वाचनवर्ग घेण्याचे साधे प्रशिक्षण दिले. तिथे तरुण पुढे आले आणि वर्गाला येणाऱ्या मुलांचे वाचन सुधारले.

हा अभ्यास लोकसहभागाच्या विरुद्ध पुरावा म्हणून वाचला जातो. मी तो उलट वाचते. पहिल्या दोन गटांतल्या लोकांना माहिती दिली, पण त्या माहितीचे करायचे काय, याची वाट सरकारी यंत्रणेतून जात होती. तिसऱ्या गटातल्या लोकांना स्वतःच्या हातात राहील असे काम मिळाले. आपल्याकडे समित्यांच्या सदस्यांना दरवर्षी प्रशिक्षण दिले जाते, पुस्तिका वाटल्या जातात. जौनपूरचा धडा असा, की नुसत्या प्रशिक्षणातून सहभाग येत नाही.

दुसरे टोक अमेरिकेतल्या शिकागो शहराचे. १९८७ मधला शिक्षकांचा लांबलेला संप आणि शाळांच्या दुरवस्थेवरचा पालकांचा संताप यांतून इलिनॉय राज्याने १९८८ मध्ये एक कायदा केला. प्रत्येक सरकारी शाळेत स्थानिक शाळा परिषद आली : सहा पालक, परिसरातले दोन रहिवासी, दोन शिक्षक आणि मुख्याध्यापक. कायद्याने तिला तीन ठळक अधिकार दिले. मुख्याध्यापकाची चार वर्षांच्या करारावर निवड करणे, शाळेचे अंदाजपत्रक मंजूर करणे आणि सुधारणेचा आराखडा मंजूर करणे. १९८९ मध्ये पहिल्या निवडणुकीला सतरा हजारांहून अधिक उमेदवार उभे राहिले. त्यातले बहुतेक सामान्य पालक होते, अनेक गरीब वस्त्यांतले.

शिकागोची गोष्ट यशोगाथा म्हणून सांगता येणार नाही. पुढच्या निवडणुकांत उमेदवार घटले, शाळाशाळांच्या प्रगतीत मोठी तफावत राहिली आणि १९९५ च्या कायद्याने महापौरांच्या हाती सूत्रे देऊन परिषदांवर अंकुश आणला. मोठ्या महानगराचे उदाहरण आपल्या वाडीवस्तीला जसेच्या तसे लागूही नाही. पण क्रियापदांचा फरक पाहावा : निवडणे, मंजूर करणे, मंजूर करणे. अधिकार खरे होते म्हणून माणसे आली आणि ते खरे होते म्हणूनच पुढे त्यांच्यावरून राजकारणही झाले.

आक्षेप

माझ्या म्हणण्यावरचा सर्वांत गंभीर आक्षेप गावाच्या स्वभावाविषयी आहे. गावात जात आहे, भावकी आहे, ठेकेदार आहे. समितीत निम्म्या स्त्रिया असल्या तरी अनेकदा सही तिची आणि बोलणे तिच्या नवऱ्याचे असते. अधिकार वाढले तर ते बलवानांच्या हातात जातील, असे दलित-आदिवासी वस्त्यांतले कार्यकर्ते मला सांगतात तेव्हा मी ते हलके घेत नाही. शिक्षकांची भीतीही खरी आहे. एल साल्वादोर देशात १९९१ पासून पालकांच्या संघटनांनी शिक्षकांना वर्षावर्षाच्या करारावर नेमण्याची पद्धत चालली; शिक्षक संघटनांनी ती असुरक्षितता कधीच स्वीकारली नाही आणि २००९ च्या सत्तांतरानंतर ती पद्धत मोडीत निघाली. शिक्षकाची नोकरी, बदली किंवा पगार आपल्याकडे समितीच्या हातात देऊ नये, असे माझेही मत आहे.

पण या आक्षेपातून सध्याची व्यवस्था योग्य ठरत नाही. बलवान गट आजही शाळेवर प्रभाव टाकतात; फक्त ते समितीच्या बाहेरून, पंचायत समितीच्या सदस्यामार्फत किंवा ठेकेदारामार्फत टाकतात. त्याची वहीत नोंद होत नाही. निर्णय समितीत झाला तर निदान तो कुणी मांडला, कुणी विरोध केला, हे लिहिले जाते आणि वरच्या अधिकाऱ्याला ते तपासता येते. दुर्बल पालकाला संरक्षण हवे असेल तर ते निर्णय वर नेऊन मिळणार नाही. नोंद, मुदत आणि दाद मागण्याची सोपी वाट यांतून ते मिळेल.

काय बदलावे

माझ्या सूचना तीन आहेत आणि त्यांतली एकही खर्चिक नाही.

पहिली, समितीच्या अंतिम अधिकाराच्या विषयांची एक छोटी यादी राज्याच्या नियमांत यावी. गणवेश, शाळेची वेळ व स्थानिक सुट्ट्या ठरलेल्या कामाच्या तासांच्या आत, संयुक्त अनुदानाचा खर्च, किरकोळ दुरुस्ती, वाचनालयाची पुस्तके, सहल एवढे विषय सुरुवातीला पुरेत. या विषयांत वरच्या कार्यालयाने निर्णय बदलायचा तर लेखी कारण द्यावे. नियमांत लिहिलेला अधिकार एका घोषणेने जात नाही. गणवेशाचे जे झाले ते पुन्हा होऊ नये यासाठी एवढी तटबंदी हवी. आणि अनुदान जूनच्या आधी हाती यावे, नाहीतर पहिल्या सूचनेला अर्थ उरणार नाही.

दुसरी, विकास आराखड्याला ठरावीक मुदतीत लेखी उत्तर मिळावे. मागणी मंजूर, नामंजूर, किंवा पुढच्या वर्षी, सोबत कारण. आणि स्थलांतर होणाऱ्या तालुक्यांत आराखड्याची सभा गाव भरलेले असताना घ्यावी.

तिसरी, शाळा बंद करण्याच्या किंवा जोडण्याच्या प्रस्तावावर समितीपुढे उघड सुनावणी व्हावी. वाहनाची हमी, अंतर, येणारा खर्च हे सगळे पालकांसमोर मांडले जावे आणि समितीची संमती नसेल तर प्रस्ताव जिल्हा परिषदेच्या सभेत कारणांसह जावा. १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा स्थापन झाल्या आणि प्राथमिक शिक्षण त्यांच्याकडे आले, तेव्हा लोकांच्या शाळा लोकांच्या प्रतिनिधींनी चालवाव्यात हाच विचार होता. तो जिल्ह्यापाशी थांबला.

यात मुख्याध्यापक आणि शिक्षक यांचाही लाभ आहे. आज त्यांनाही वरून आलेले पाळण्यापलीकडे फारसे काही ठरवता येत नाही. पालकांशी त्यांचे भांडण अनेकदा अशा गोष्टींवरून होते, ज्या दोघांच्याही हातात नसतात. काही गोष्टी दोघांच्या हातात आल्या तर भांडणे थांबतील असे नाही, पण ती उपयोगी भांडणे होतील. गणवेशाचा अधिकार २०२५-२६ पासून समित्यांकडे परत आला आहे. तो पुन्हा काढून घेण्याचा विचार कधी झाला, तर त्याआधी प्रत्येक समितीला निदान एक प्रश्न लेखी विचारला जावा : तुमच्याकडे काय बिघडले होते आणि तुम्ही ते कसे सुधारले? पंधरा वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारलेला नाही.